चार दिवसांची निवड

आमच्या मराठी भाषेत कावळा हा फार कामाचा पक्षी आहे. पाहुणे यायचे असले की तो ओरडतो, दहाव्याच्या पिंडाला तो शिवावा लागतो, आणि घरातली बाई चार दिवस बाजूला बसली की तिला तोच शिवलेला असतो. लहान मुलांनी कारण विचारले तर कावळ्याकडे बोट दाखवायचे आणि पुढे प्रश्न नको, अशी ती सोय होती. कावळा उडून गेला तरी भाषेची सवय काही उडाली नाही. विटाळशी, बाहेरची, दूर बसलेली, अडचण आलेली, आणि आता माझ्या वर्गातल्या मुलींची 'डेट'! मी मराठी शिकवते. मनात आणले तर नुसत्या या आडवळणांचा एक लहानसा कोश करता येईल.

गंमत अशी की, त्या चार दिवसांना इतकी नावे, परंतु त्या दिवसांत जी वस्तू वापरायची तिला मात्र धड नाव नाही. माझ्या सासूबाईंच्या माहेरी तिला नुसते 'कपडा' म्हणत, कुणी 'घडी' म्हणत. माझ्या शाळेच्या दिवसांत, म्हणजे नव्वदीच्या सुमारास, आम्ही थेट कंपनीचेच नाव घेत असू, तेही दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा, आणि दुकानदार ते पुडके चोरीचा माल असल्यासारखे वर्तमानपत्रात गुंडाळून देई. ज्या वस्तूचे नाव मोठ्याने घेता येत नाही तिची निवड तरी कशी करणार? साडी घ्यायची तर आपण पन्नास उलगडायला लावतो. आंबे घ्यायचे तर देठापाशी हुंगून पाहतो. पण ही वस्तू मात्र आईने दिली ती, किंवा दुकानदाराच्या हाताला लागली ती. आयुष्याची पस्तीस-चाळीस वर्षे, दर महिन्याला अंगाशी बाळगायची वस्तू!

हे सारे डोक्यात यायला निमित्त झाले ते आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचे. आम्ही देवनारला राहतो, त्या बैगनवाडीतून चालत येतात. गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि त्यांच्या थोरल्या मुलीला न्हाण आले. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न पाहता, त्या म्हणाल्या, "ताई, पोरीला काय देऊ वो? सासू म्हनते लुगड्याचं फडकं दे. पोरगी म्हनते वर्गातल्या समद्या पोरी पॅड आनतात. आन् तुमची ताई तर काय ते कपाचं सांगते. मला काय सुधरंना."

त्यांना एका शब्दाचे उत्तर हवे होते. ताई शिकलेल्या, कॉलेजात शिकवतात, ताईंना ठाऊक असणार. मी म्हटले, दोन दिवस द्या. आणि मग आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, तीन पिढ्यांची एक बैठक बसली. तशी ती यापूर्वी कधी बसली नव्हती.

सासूबाईंनी पहिला मान कापडाला दिला. त्यांचे माहेर राजापूरकडचे. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे तुकडे, प्रत्येकीचे वेगळे. "त्यात वाईट काही नव्हतं," त्या म्हणाल्या, "वाईट होतं ते वाळत घालणं." न्हाणीघराच्या मागे, फणसाच्या सावलीत, ओल्या भिंतीशी एक काथ्याची दोरी असे. त्या दोरीवर ते तुकडे आणि तुकड्यांवर एखादा जुना पंचा, कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून. कोकणातला पाऊस म्हणजे चार-चार महिने. कापड अर्धवट ओले, कुबट वासाचे, आणि तेच पुन्हा घ्यायचे. मांड्या सोलवटून निघत, खाज सुटे, आणि ते सांगायचे कुणाला? अंगणात ऊन होते, पण ते उन्हाळी पापडांसाठी आणि पुरुषांच्या धोतरांसाठी.

वैद्यकशास्त्र याहून वेगळे काही सांगत नाही. सुती कापड आधी थंड पाण्यात भिजवावे, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग धरून बसतो. मग साबणाने स्वच्छ धुवावे, आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावे. इतके केले तर कापडात दोष नाही. दोष आहे तो लपविण्यात. आणि या लपविण्याला आपल्याकडे कुणी हटकलेच नव्हते असे नाही. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांना स्पष्ट सांगितले की, नाक-डोळे-कान यांतून जसे काही ना काही बाहेर येते तसेच हेही एक. त्याचा विटाळ कसला धरायचा? महानुभावांचे हे प्रकरण मी वर्गात शिकवते तेव्हा मागच्या बाकांवरची मुले एकदम वहीत डोके घालतात. सातशे वर्षांपूर्वीचा एक संन्यासी जे सहज बोलून गेला ते ऐकताना आजच्या पोरांचे कान लाल होतात. १९२७ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत 'समाजस्वास्थ्य' काढले आणि शरीराविषयी उघड बोलण्याबद्दल कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. त्याच १९२७ सालापासून आमच्या देवनारला मुंबईचा कचरा येऊन पडू लागला. योगायोगच तो, पण त्या कचऱ्याकडे पुढे यायचेच आहे.

दुसरी बाजू माझी, म्हणजे पॅडची. या पॅडचा जन्म बायकांसाठी झालाच नव्हता. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधायला कापूस पुरेना, म्हणून लाकडाच्या लगद्यापासून एक शोषून घेणारा पदार्थ अमेरिकेत तयार झाला. इस्पितळातल्या परिचारिकांनी त्याचा आपल्यासाठी उपयोग करून पाहिला. युद्ध संपले, माल उरला, आणि १९२० साली 'कोटेक्स' नावाने तो बाजारात आला. पण अमेरिकेतल्या बायकासुद्धा दुकानदाराकडे तो मागायला लाजत! तेव्हा काही दुकानांत पुडकी फळीवर मांडून शेजारी एक पेटी ठेवीत. बाईने पेटीत पैसे टाकावे आणि न बोलता पुडके उचलावे. म्हणजे कावळा केवळ आपल्याच झाडावर बसत होता असे समजायचे कारण नाही. पुढे पट्ट्याचे पॅड आले, सत्तरच्या सुमारास चिकटणारे आले. माझ्या पिढीच्या शहरी मुलींना या पॅडने शाळा दिली, लोकलचा प्रवास दिला, परीक्षेच्या हॉलमध्ये तीन तास निर्धास्त बसू दिले. हे उपकार मी विसरणार नाही.

माझी मुलगी मात्र उपकार वगैरे मानणाऱ्यांतली नाही. तिने एक कोरे पॅड आणले, कात्रीने मधोमध कापले आणि त्यातले पांढरे मऊ काहीतरी बशीत झटकले. त्यात साखरेसारखे बारीक दाणे होते. त्यावर तिने पेलाभर पाणी ओतले. पाहता पाहता त्या दाण्यांची जिलेटिनसारखी थबथबीत रास झाली. "आजी, बघ, हा पाणी पिऊन फुगणारा प्लास्टिकचाच एक प्रकार. वर जाळी प्लास्टिकची, खाली पत्रा प्लास्टिकचा."

सासूबाईंनी चष्मा पुढे ओढून पाहिले. "हे जातं कुठं मग?" त्यांनी विचारले.

या प्रश्नावर आम्ही दोघी गप्प बसलो. कारण आमच्या गच्चीवरून, हवा स्वच्छ असली तर, ते जाते कुठे हे दिसते.

परंतु आधी कपाची हकीकत पुरी करते, कारण मुलीने त्याचे वकीलपत्र घेतले होते. हा कप काल-परवाचा शोध आहे अशी माझी समजूत होती. खरे पाहता लिओना चामर्स नावाच्या अमेरिकन नटीने १९३७ साली रबरी कपाचे पेटंट घेतले होते. दुसऱ्या महायुद्धात रबर दुर्मिळ झाले आणि कपही मागे पडला. आता तो वैद्यकीय दर्जाच्या सिलिकोनचा येतो. घडी घालून आत सरकवायचा, आत तो उमलतो आणि रक्त शोषून न घेता साठवतो. आठ ते बारा तासांनी रिकामा करायचा, धुवायचा, पुन्हा वापरायचा. पाळी संपली की पाण्यात उकळून ठेवायचा. नीट राखला तर एकच कप वर्षानुवर्षे, काही कंपन्यांच्या म्हणण्यानुसार दहा वर्षांपर्यंत टिकतो. २०१९ साली 'लॅन्सेट'च्या सार्वजनिक आरोग्याच्या नियतकालिकात निरनिराळ्या देशांतल्या ४३ अभ्यासांचा आणि सुमारे ३,३०० जणींच्या अनुभवाचा आढावा आला. कप सुरक्षित आहे, गळतीही पॅडइतकी किंवा त्याहून कमी, आणि हात बसायला दोन-तीन महिने लागले तरी ज्यांचा बसला त्यांतल्या सुमारे सत्तर टक्के जणींना तो पुढेही वापरायचा होता. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी गावात तर २०२२ साली घरोघर हजारो कप वाटले गेले आणि गाव पॅडमुक्त जाहीर झाले. तांबी बसवलेल्या बाईने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे, कारण कप ओढताना ती सरकण्याचा संभव असतो.

सासूबाईंनी हे सारे ऐकून घेतले आणि आवाज खाली आणून मला म्हणाल्या, "अगं, पण हिचं लग्न व्हायचंय अजून."

हा आक्षेप आपल्यातल्या पुष्कळ घरांत मनातल्या मनात घेतला जातो, म्हणून तो येथे छापून टाकते. कौमार्य हे एका पडद्यावर लिहिलेले प्रमाणपत्र नव्हे. तो पडदा काहींना जन्मतः अगदी नावापुरता असतो, काहींचा सायकल चालवताना, खेळताना ताणला जातो, आणि त्यावरून कुणी काही ठरवू शकत नाही, असे डॉक्टर मंडळी कंठशोष करून सांगत असतात. मुलीने हे आजीला माझ्यापेक्षा कमी शब्दांत सांगितले. आजी म्हणाल्या, "बरं बाई," आणि भाजी निवडू लागल्या. पटले की नाही ते मला कळले नाही. पण विषय तिथे संपला, आणि मुलगी आज दीड वर्ष कप वापरते आहे.

टॅम्पॉनचा विचार आम्ही फार केला नाही. पोहणाऱ्या मुलींना तो सोयीचा. पण आठ तासांच्या वर ठेवायचा नाही, हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळावा लागतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत फार शोषणाऱ्या टॅम्पॉनमुळे विषबाधेसारखा आजार होऊन बायका दगावल्या होत्या. ज्या मुलीला शाळेत बदलायला जागा मिळेल की नाही याचीच खात्री नाही, तिला ही वस्तू सुचवणे मला बरे वाटले नाही.

आता त्या 'जातं कुठं' कडे येते.

आमच्या देवनारला दोन मोठ्या गोष्टी आहेत. गोवंडी स्टेशन रोडवर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ साली स्थापन झालेली. सगळ्या देशाची कुटुंब आरोग्य पाहणी हिने केली. भारतातल्या मुली पाळीत काय वापरतात याची मोजदाद येथल्या टेबलांवर झाली. २०१९ ते २१ मधल्या पाचव्या पाहणीत पंधरा ते चोवीस वर्षांच्या मुलींना हा प्रश्न विचारला होता. शंभरातल्या ६४ जणींनी पॅड सांगितले, ५० जणींनी कापड सांगितले, १५ जणींनी स्थानिक बनावटीचे पॅड सांगितले. बेरीज शंभराच्या वर जाते. कारण उघड आहे, पुष्कळ जणी दोन-दोन गोष्टी वापरतात. बाहेर पॅड, घरी कापड. महिन्याच्या सुरुवातीला पॅड, पगार संपल्यावर कापड. त्या पाहणीने 'आरोग्याला योग्य साधन' वापरणाऱ्या मुली ७७.३ टक्के धरल्या. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत त्या ५७.६ टक्के होत्या. वाढ झाली ही आनंदाचीच गोष्ट. पण या हिशेबात पॅड, टॅम्पॉन आणि कप यांना योग्य म्हटले आहे आणि कापडाला नाही.

म्हणजे पाहा, उन्हात खडखडीत वाळवलेली सुती घडी वापरणारी मुलगी नापास, आणि शाळेत संडासाला कडी नाही म्हणून सकाळी सातचे पॅड दुपारी चारपर्यंत तसेच ठेवणारी मुलगी पास! पॅडही चार-सहा तासांनी बदलावे लागते, नाहीतर तेही घाणच. मोजणाऱ्यांची अडचण मला समजते. वस्तू कोणती हे विचारता येते. ती वाळली कुठे, बदलली कुठे, हे एका चौकटीत कसे बसवणार? तरी मला वाटते, परीक्षकाने पेपर उत्तराच्या पहिल्या ओळीवरून तपासू नये.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे कचऱ्याचा डोंगर. जवळजवळ शंभर वर्षे मुंबईने येथे आपला कचरा टाकला. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मीही तेव्हा खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावले होते. एका बाईने महिन्याला बारा पॅड वापरले आणि पस्तीस वर्षे वापरले तर हिशेब पाच हजारांवर जातो. माझ्या एकटीचे हजारो पॅड कुठल्या ना कुठल्या अशा ढिगात आहेत आणि माझ्यामागे पुष्कळ वर्षे तिथेच असणार. त्या ढिगावर माणसे चढतात, बाटल्या आणि पत्रा वेचतात. आमच्या बाईंची धाकटी जाऊ त्यांतलीच. "हातात काय येईल त्याचा नेम नाय," बाई म्हणाल्या. "सुई येती, काच येती, आन् हेपन येतं. ती म्हनती, शिकलेल्या बायांना येवढंबी कळंना व्हय, कागदात बांधून टाकावं?"

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने हाच प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला. २०१३ साली त्यांनी वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांच्या कार्यालयांत पाठवून दिले. तुमचा माल तुम्हीच पाहा म्हणावे! त्यांनीच जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या केल्या, आणि गुंडाळलेल्या पुडीवर एक लाल ठिपका काढा, म्हणजे आम्ही ती उघडणार नाही, असे घराघरांत सांगितले. २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांनी कंपन्यांवर पॅडसोबत पुडीचा कागद देण्याची जबाबदारी टाकली. आणि २०२५ साली मुंबई महापालिकेने सोसायट्यांकडून हा कचरा वेगळा उचलून नेण्याची सोय सुरू केली.

त्या सोयीसाठी आमच्या सोसायटीत जी सभा झाली तिचे वर्णन खरे म्हणजे एखाद्या विनोदी लेखकाने करायला हवे. विषयपत्रिकेवर लिहिले होते 'विशेष कचरा'. सेक्रेटरी साहेबांनी महापालिकेचा कागद इंग्रजीतून, एका श्वासात, पंजाब मेल जाईल अशा वेगाने वाचला. पहिल्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "विशेष म्हणजे काय? फुटके बल्ब का?" सेक्रेटरी म्हणाले, "नाही, तसे नाही... तब्येतीचा कचरा." दुसरे म्हणाले, "मग औषधाच्या बाटल्या?" बायकांच्या रांगेत पदर तोंडाला लागले. शेवटी माझ्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाई, ज्या सभेला फक्त चहासाठी येतात, मागून म्हणाल्या, "अहो, बायकांच्या पाळीचे पॅड आणि लहानग्यांची डायपर. पुढे चला." ठराव एकमताने मंजूर झाला. इतक्या लवकर आमच्याकडे पाण्याच्या टाकीचा ठरावसुद्धा झालेला नाही.

आमच्या जिन्याखाली आता एक वेगळा डबा आहे. पण बाईंच्या गल्लीत ना सोसायटी, ना सेक्रेटरी, ना ठराव. तेव्हा त्यांच्या मुलीचा प्रश्न आमच्या टेबलावर सुटणारा नव्हता. तो त्यांच्या खोलीत जाऊन पाहावा लागणार होता. मी एका रविवारी गेले. दहा बाय बारा, माणसे पाच. पाणी सकाळी तासभर. संडास गल्लीच्या टोकाला, पैसे देऊन जायचा, आत ना खुंटी ना डबा. कप उकळायचा तर घरात पातेली तीन, आणि तिन्हींवर सासूची नजर; शिवाय धुवायला आडोसा हवा. तेरा वर्षांच्या पोरीला आज हे नको, हे मला तिथे उभे राहिल्याबरोबर कळले. पुढे मोठी झाली, स्वतःच्या शरीराशी ओळख झाली, की तिचे तिने ठरवावे. पॅड घ्यावे तर पैसे. जुलै २०१८ मध्ये त्यावरचा बारा टक्के कर गेला हे खरे, आणि जनऔषधीच्या दुकानात २०१९ पासून रुपयाला एक असे पॅड मिळू लागले. बाईंना ते ठाऊक नव्हते. मी दुकान दाखवले. पण वापरलेले पॅड टाकायचे कुठे? गल्लीतल्या बऱ्याच मुली अंधारात नाल्यात टाकतात. आणि कापड?

"कापडाला मी तयार हाय," बाई म्हणाल्या. "धुईन. साबन हाय. पन वाळवू कुठं? आमच्यात ऊनच येत न्हाई, ताई. दोरी हाय ती रस्त्यावर. तिथं पोरं बसत्यात."

मी घरी येऊन हे सांगितले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गॅलरीत येतं ऊन. दुपारी चारपर्यंत असतं. शाळा सुटली की पाठव तिला इकडं."

बाई गडबडल्या. "आजी, लोकं काय म्हनतील? तुमची गॅलरी रस्त्यावर हाय."

"म्हणूनच तर ऊन येतं," सासूबाई म्हणाल्या.

मग असे ठरले. शाळेच्या वेळेत पॅड, दोन घड्यांचा कागद आणि लाल ठिपका. वापरलेले पॅड कागदात बांधून आमच्या जिन्याखालच्या डब्यात. घरी आणि रात्री कापड. मुलीने बटणे लावून बसवायच्या सुती घड्यांचा नमुना शोधला आणि मी शिवणयंत्र झाडून काढले. शिवायच्या आधी तिला बोलावले. पलंगावर पाच-सहा छिटांचे तुकडे मांडले आणि विचारले, कोणते हवे?

पोरीने आईकडे पाहिले. आईने माझ्याकडे पाहिले. कोणते हवे, हा प्रश्न या बाबतीत त्या दोघींना आजवर कुणी केलेला नव्हता. मी फिकट निळ्यावर बोट ठेवणार होते, डाग कमी दिसतील म्हणून गडद चॉकलेटी घे असे सांगायचेही तोंडावर आले होते; पण सासूबाईंनी माझ्याकडे डोळे वटारले. पोरीने सगळे तुकडे बोटांनी चाचपून पाहिले, एक गालाला लावून पाहिला, आणि पिवळ्यावर लाल फुले असलेले छीट उचलले.

तेव्हापासून महिन्यातले चार-पाच दिवस आमच्या पुढच्या गॅलरीच्या दोरीवर, माझ्या साड्या आणि यजमानांचे सदरे यांच्या मध्ये, पिवळ्या छिटाच्या घड्या वाळत असतात. पहिल्या महिन्यात समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी हसत विचारले, कुणाच्या बाळाचे दुपटे का हो? सासूबाईंनी त्यांना काय ते सांगितले. आता दोन महिने झाले, त्यांच्या गॅलरीतही पंचा बाजूला करून काहीतरी वाळत घातलेले दिसते. पोरगी चारच्या सुमारास येते, दोरी चाचपून पाहते, वाळले असेल ते काढते, आणि सासूबाईंबरोबर चहा पिऊन जाते.